चालत्या कोडला हात का लावायचा?

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीत बसून कुणी सातबारा काढू लागलं आणि पान उघडलंच नाही, तर घोडं नेमकं कुठे अडलं हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मोबाइलपासून राउटरपर्यंत वायफाय, पुढे इथरनेटची वायर, त्यापुढे फायबर. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने 2011 साली मंजुरी दिली आणि तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळालं. पण वायर गावात पोचली तरी बिघाड शोधणाऱ्याला त्या वायरीतून काय जातंय ते वाचता आलं पाहिजे. ते वाचून दाखवणारं जुनं आणि मोफत साधन म्हणजे टीसीपीडंप. व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी ते अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लिहिलं. आज स्वयंसेवक ते सांभाळतात. या सांभाळण्यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे रिफॅक्टरिंग, म्हणजे कोडचं बाहेरून दिसणारं काम तेच ठेवून त्याची आतली मांडणी सुधारणं. हे काम चैनीचं नाही, गरजेचं आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे वायरीतून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याच्या, आरंभी लिंक-लेयरचं हेडर असतं. पत्राला जसा लिफाफा, तसं ते. इथरनेटचं हेडर 14 बाइटांचं: सहा बाइट घेणाऱ्याचा पत्ता, सहा पाठवणाऱ्याचा आणि दोन बाइट आतल्या मजकुराचा प्रकार. वायफायच्या डेटा-फ्रेमचं हेडर किमान 24 बाइटांचं. म्हणून टीसीपीडंपमध्ये प्रत्येक प्रकाराला छापणारं फंक्शन वेगळं. जुन्या रचनेत हे फंक्शन हेडर छापायचं आणि त्याची लांबी उत्तरादाखल परत द्यायचं. आतला मजकूर कुठून सुरू होतो, हे त्या आकड्यावरून ठरायचं. पण पॅकेट अर्धवटच हाती आलं तर? प्रत्येक फंक्शनने दर पायरीला हद्द तपासायची आणि वेळेवर माघार घ्यायची, अशी शिस्त होती. शेकडो ठिकाणी पाळायची शिस्त कुठेतरी सुटतेच. सप्टेंबर 2017 मधल्या 4.9.2 आवृत्तीत सुमारे 90 सुरक्षा-त्रुटी बुजवाव्या लागल्या, आणि त्यांतल्या बहुतेक हद्दीपलीकडची मेमरी वाचण्याच्या होत्या. पॅकेट टिपायला बहुधा प्रशासकाचे अधिकार लागतात. अशा साधनाला मुद्दाम बिघडवलेलं पॅकेट पाडू शकत असेल, तर बिघाड शोधणाराच धोक्यात येतो.

डिसेंबर 2020 अखेरीस आलेल्या 4.99.0 मध्ये हद्दीची तपासणी बाइट वाचण्याच्या क्रियेतच बसवलेली दिसते. डेटा अपुरा पडला की छपाई तिथेच थांबते आणि नियंत्रण थेट मुख्य फंक्शनकडे जातं. इथे एक पेच येतो: मध्येच तुटलेलं फंक्शन उत्तर देत नाही, मग हेडरची लांबी कळणार कशी? म्हणून ती परत देण्याऐवजी, वाचता वाचता एका सामायिक रचनेत नोंदवायची असं ठरलं, आणि फंक्शनं काही परत न देणारी झाली. पॅकेट कुठेही तुटो, तोवरचा हिशेब हाती राहतो.

यावर आक्षेप रास्त आहे: चालत्या कोडला हात लावला की नव्या चुका शिरतात. शिरतातच, आणि म्हणूनच पद्धत महत्त्वाची ठरते. या प्रकल्पात नमुन्याची पॅकेटं आणि त्यांची अपेक्षित छपाई फाइलींत साठवलेली असते. बदलानंतर छपाई जुळली नाही, तर चूक लगेच पकडली जाते. शिवाय सगळी फंक्शनं एका दमात बदलली नाहीत. जुनी आणि नवी शेजारी शेजारी चालतील अशी सोय ठेवून ती एकेक करून हलवली. दुसरा आक्षेप असा की वापरणाऱ्याला यातून नवं काही दिसत नाही. खरं आहे, पण टळलेला धोका कधीच दिसत नसतो, म्हणून त्याचं मोल शून्य ठरत नाही.

हा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. वर्धा-नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी नवं अॅप बनवण्याइतकंच मोल अशा एका जुन्या फंक्शनची नीट चाचणी घेऊन केलेल्या दुरुस्तीला मिळावं. नवं उभारणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही; जुनं समजून घेऊन सुधारणारे हात मात्र कमी आहेत, आणि गावोगावचं नेटवर्क टिकणार आहे ते त्यांच्याच जोरावर.