नवी खुर्ची, पहिले दिवस : हजरत अबू बक्र (रजि.) यांच्याकडून काय शिकावे?

आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी कंपनीत मॅनेजर होते, तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले जातात, मुबारकबादचे फोन येतात. खरी परीक्षा सोमवारी सकाळी सुरू होते. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांनाच आज काम सांगायचे असते. त्यात काहींचे वय आपल्यापेक्षा जास्त! मग कोणी पहिल्याच दिवशी आवाज चढवतो, तर कोणी सगळ्यांना खूश ठेवण्याच्या नादात एकही निर्णय घेत नाही. दोन्हींत नुकसानच आहे.

अशा वेळी आपण इ.स. 632 म्हणजे हिजरी 11 कडे पाहू या. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या निधनानंतर हजरत अबू बक्र (रजि.) पहिले खलीफा झाले. मस्जिद-ए-नबवीतल्या पहिल्या भाषणात त्यांनी मोठमोठी आश्वासने दिली नाहीत. आपण तुमच्यात सर्वांत चांगले आहोत असे नाही, बरोबर वागलो तर साथ द्या, चुकलो तर सरळ करा, अशा आशयाचे ते बोलले. दुबळ्याला त्याचा हक्क मिळवून देईन, हेही सांगितले. म्हणजे काम कोणत्या तत्त्वावर चालेल, हे पहिल्याच दिवशी सर्वांना कळले.

पण भाषण सोपे असते हो, पुढचे कठीण! प्रेषितांनी (सल्ल.) तरुण हजरत उसामा (रजि.) यांना सेनापती नेमले होते. आता एखादा वयस्कर सेनापती द्या, असा आग्रह झाला. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी तो मानला नाही. उलट फौजेला निरोप देताना उसामा (रजि.) घोड्यावर आणि खलीफा पायी चालत होते. हजरत उमर (रजि.) त्याच फौजेत होते. त्यांना मदीनेत ठेवून घ्यायचे होते, तर खलीफांनी हुकूम सोडला नाही, उसामा (रजि.) यांची परवानगी मागितली. हाताखालच्या माणसाला जबाबदारी दिली की त्याचा मानही चारचौघांत राखायचा, हा यातला धडा.

आणखी एक गोष्ट सांगितली जाते. ते शेजाऱ्यांच्या शेळ्यांचे दूध काढून देत असत. खलीफा झाल्यावर एका मुलीला वाटले, आता हे कशाला येतात! पण ते येत राहिले. पद बदलले, माणूस बदलला नाही.

मग आपण काय करायचे? पहिल्या दोन आठवड्यांत टीममधल्या प्रत्येकाशी पंधरा-वीस मिनिटे वेगळे बसा. काम कुठे अडते, एवढेच विचारा आणि ऐका. आधीच्या मॅनेजरची उणीदुणी काढू नका, उद्या तुमचीही निघतील. ऐकलेल्यांपैकी एक छोटी अडचण लगेच सोडवा. मोठे बदल कामाची नीट ओळख झाल्यावर, मशवरा करून करा. "चुकलो तर सांगा" म्हटले असेल, तर जो पहिल्यांदा सांगेल त्याच्यावर राग धरू नका. तो एक राग सगळ्यांची तोंडे बंद करतो.

एक नाजूक मुद्दा. अनेक ऑफिसांत त्या पदावर आपला एकच माणूस असतो. मग ओळखीच्याला झुकते माप देण्याचा मोह होतो, किंवा पक्षपाताचा आरोप नको म्हणून त्याच्याशीच जास्त कडक वागले जाते. दोन्ही अन्यायच आहेत. सुट्टी असो, शिफ्ट असो की बढती, नियम सगळ्यांना एकच ठेवा आणि तो आधीच सांगा.

हे फक्त कंपनीपुरते नाही. मस्जिदीचा नवा ट्रस्टी, शाळेचा नवा मुख्याध्यापक, बचत गटाची नवी अध्यक्षा, सर्वांना हेच लागू पडते. पद ही अमानत आहे. ती आपण कशी सांभाळणार, हे लोक पहिल्या काही दिवसांतच ओळखतात.