कळसूबाईच्या दुप्पट उंचीवरचा हायवे

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे १,६०९ मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लोखंडी शिड्या चढून, धापा टाकत आपण जिथे पोचतो, साधारण त्याच उंचीवर तिथे लोक ऑफिसला जातात आणि संध्याकाळी बेसबॉलची मॅच बघतात. इंटरस्टेट ७० हा महामार्ग कॅन्ससच्या सपाटीवरून या शहरात येतो आणि घाट सुरू होतो तो इथून पुढे, पश्चिमेला युटाच्या सीमेपर्यंत. राज्यातली एकूण लांबी सुमारे ७२४ किलोमीटर.

गंमत अशी, की मूळ आराखड्यात हा घाट नव्हताच. रस्ता डेन्व्हरला संपणार होता. पुढे रॉकी पर्वत उभा, तो फोडायचा तर पैसा ओतावा लागणार, त्यापेक्षा इथेच थांबलेलं बरं, असा दिल्लीछाप हिशेब वॉशिंग्टनच्या इंजिनिअरांनी केला होता.

जावईबापूंचं गाव

कोलोरॅडोचे गव्हर्नर एडविन जॉन्सन यांना हे अजिबात मान्य नव्हतं. राज्यात सगळे त्यांना ‘बिग एड’ म्हणत. रस्ता पर्वतापलीकडे न्यावा म्हणून त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडे धोशा लावला. आता हे आयझेनहॉवर म्हणजे डेन्व्हरचे जावई. त्यांचं लग्न १९१६ साली इथेच, सासऱ्यांच्या घरी लागलं. सुट्टीत मासे पकडायला ते कोलोरॅडोच्या डोंगरात यायचे आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला तोही डेन्व्हरच्या मुक्कामात. सासुरवाडीच्या प्रेमामुळे रस्ता वाढला असं म्हणायला पुरावा नाही. पण मागणी घेऊन जाणाऱ्याला असा माणूस समोर बसलेला मिळणं, याला नशीब लागतं.

इंटरस्टेट महामार्गांचा कायदा २९ जून १९५६ रोजी झाला. आयझेनहॉवर तेव्हा आतड्याच्या ऑपरेशननंतर रुग्णालयात होते, तिथेच त्यांनी सही केली. ना समारंभ, ना फोटो. डेन्व्हरच्या पुढच्या वाढीव रस्त्याला १९५७ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याचं टोक ठरलं युटातलं कोव्ह फोर्ट. हे धड गावही नाही. दुसरं टोक बाल्टिमोर. तिथून निघताना वाटेतल्या मोठमोठ्या शहरांच्या अंतरांसोबत एका फलकावर ‘कोव्ह फोर्ट २,२०० मैल’ असंही लिहिलेलं आहे. बाल्टिमोरहून कोव्ह फोर्टलाच जायला निघालेला माणूस कुणी पाहिला असेल, तर त्याचा सत्कार करायला हवा.

बोगद्यात बाई नको

या रस्त्यावरचं सगळ्यात नाट्यमय प्रकरण म्हणजे आयझेनहॉवर बोगदा. पर्वताच्या पाणलोट रेषेखालून तो आरपार जातो, लांबी सुमारे २.७ किलोमीटर. सर्वांत उंच ठिकाणी तो ३,४०१ मीटरवर आहे, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी थोडी उंची उरतेच. देशभरातल्या इंटरस्टेट जाळ्यातला सर्वांत उंच बिंदू हाच. काम मार्च १९६८ मध्ये सुरू झालं, तीन वर्षांत संपेल असं सांगितलं होतं, लागली पाच. आत खडक सलग नव्हता, भ्रंशामुळे पार भुगा झालेला होता. आणि इतक्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे माणसं दमत आणि यंत्रंही.

या कामावर १९७० मध्ये जॅनेट बोनेमा या तरुणीची तंत्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. अर्ज वाचणाऱ्याने नाव ‘जेम्स’ वाचलं होतं, म्हणून झाली. बाई आहे हे कळल्यावर तिला बाहेर ऑफिसात बसवलं गेलं. बोगद्याची मोजमापं, आलेख, अहवाल सगळं तिच्याकडे, फक्त बोगद्यात पाऊल ठेवायचं नाही. कारण? बाई बोगद्यात शिरली की अपघात होतो, माणसं मरतात, अशी खाणकामगारांची जुनी समजूत. विज्ञानाच्या जोरावर पर्वत पोखरणारी माणसं ती मुकाट पाळत होती!

जॅनेटने खटला भरला. प्रकरण तडजोडीत मिटलं, तिला ६,७३० डॉलर मिळाले आणि आत जायची मुभाही. ९ नोव्हेंबर १९७२ रोजी ती बोगद्यात गेली तेव्हा ६६ कामगार काम टाकून बाहेर पडले. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी गुपचूप परत आले. चार महिन्यांनी, ८ मार्च १९७३ ला, बोगद्याची पहिली नळी वाहतुकीला खुली झाली. तारीख महिला दिनाची होती, हा निव्वळ योगायोग. दुसरी नळी डिसेंबर १९७९ मध्ये सुरू झाली. तोवर दोन्ही दिशांची वाहतूक एकाच नळीतून चालली होती. या दुसऱ्या नळीला जॉन्सन यांचं नाव दिलं. म्हणजे मागणी घेऊन जाणारा आणि ती ऐकणारा, दोघे आता शेजारी शेजारी.

इंधनाचे टँकर आणि इतर घातक माल नेणाऱ्या ट्रकना मात्र बोगद्यात मज्जाव. त्यांनी वरून, ३,६५५ मीटरवरच्या लव्हलँड खिंडीतून जायचं. म्हणजे ज्याच्या पोटात पेट्रोल, त्यानेच सगळ्यात वाकड्या, बर्फाळ वळणांवरून जायचं. बर्फामुळे खिंड बंद पडली तर दर तासाला बाकीची वाहनं थांबवून या ट्रकना बोगद्यातून सोडतात.

जो बोगदा झालाच नाही

बोगद्याच्या पुढे व्हेल खिंड लागते. इथे वळसा वाचवायला आणखी एक बोगदा खणायचा बेत होता. पण तो मार्ग राखीव रानातून जात होता. निर्णय कृषिमंत्र्यांच्या हातात होता (अमेरिकेत राष्ट्रीय वनं कृषी खात्याकडे असतात) आणि ऑर्व्हिल फ्रीमन यांनी १९६८ मध्ये सरळ नकार दिला. रस्ता वळसा घालून गेला, आजही जातो. महामार्गाने जंगलासाठी वाट वाकडी केली, हे वाचून आपल्याकडच्या एखाद्या वनाधिकाऱ्याला हेवा वाटेल.

दरीत टांगलेला रस्ता

ग्लेनवुड कॅन्यन ही कोलोरॅडो नदीची सुमारे वीस किलोमीटरची अरुंद घळ. एका काठाला रेल्वे आधीच बसलेली, दुसऱ्या काठाला जुना दुपदरी रस्ता. इथे चौपदरी महामार्ग घुसवायचा म्हटल्यावर लोक खवळले. विरोधकांत गायक जॉन डेन्व्हरही होता. गावाकडच्या रस्त्यांवरच्या गाण्याने जगभर पोचलेला आणि डेन्व्हर शहराचं नाव आडनाव म्हणून घेतलेला माणूस रस्त्याच्या विरोधात उभा राहिला.

रस्ता झाला, पण विरोधामुळे फार निराळा झाला. १९८० मध्ये सुरू झालेलं काम ऑक्टोबर १९९२ मध्ये संपलं, खर्च सुमारे ४९ कोटी डॉलर. चाळीस पूल आणि उन्नत मार्ग. पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्गिका बऱ्याच ठिकाणी वर खांबांवर, पूर्वेकडच्या खाली, म्हणजे भातखाचरांसारखी पायऱ्यांची रचना. पुलांचे तयार तुकडे वरच्यावर क्रेनने जोडले, खाली नदीकाठ कमीत कमी उकरला जावा म्हणून. फोडलेला कातळ उघडावाघडा दिसू नये यासाठी त्याला घडवून जुन्या खडकाचा रंग दिला. झाडं मोडली तर ठेकेदाराला दंड. आणि हे सगळं चालू असताना जुन्या रस्त्यावरची वाहतूक सुरूच.

दरी मात्र अजून कुणाला बधलेली नाही. २०२० मध्ये इथे वणवा पेटला, उतारांवरची झाडी जळून गेली. पुढच्या पावसाळ्यात मोकळी माती आणि दगड खाली आले. जुलै २०२१ च्या अखेरीस शंभराहून अधिक प्रवासी रात्रभर दरीत अडकले, काहींनी हँगिंग लेकच्या बोगद्यातच मुक्काम ठोकला. रस्ता दोन आठवडे बंद होता. दरड कोसळली की घाट बंद, हे गणित तिथेही आपल्यासारखंच.

याच दरीत एका फाट्यावर हिरव्या फलकावर चक्क ‘नो नेम’ लिहिलेलं आहे. विनोद नाही, ते वस्तीचं नाव आहे.

बायसनचं भुयार, महामार्गाच्या डोक्यावरचं मैदान

आता उलटं, पश्चिमेकडून परत येऊ. डेन्व्हरच्या जवळ उतरताना ट्रकवाल्यांसाठी मोठाले फलक आहेत. त्यांचा आशय असा: फसू नका, उतार संपलेला नाही, अजून चार मैल तीव्र वळणं बाकी आहेत. सपाटी दिसली म्हणून ब्रेक सैल सोडणाऱ्यांना दिलेला हा वडीलकीचा दम. तिथेच जेनेसी पार्कात डेन्व्हर महापालिकेचा बायसनचा कळप आहे. हो, महापालिकेचा, १९१४ पासून. महामार्गाने कुरण दुभागलं, म्हणून त्यांना ये-जा करायला खालून भुयार ठेवलं. थोडं पुढे डकोटा हॉगबॅक नावाचा डोंगर रस्त्यासाठी उभा चिरला, तर आतून कोट्यवधी वर्षांचे रंगीत थर निघाले. पाटी लावून, पायवाट करून ते आता लोकांना दाखवतात. जवळच्या मॉरिसन गावात १८७७ मध्ये स्टेगोसॉरसची हाडं सापडली होती.

शहरात मात्र रस्त्याने कुणाचं भलं केलं नाही. १९६४ मध्ये त्याचा उन्नत पूल गरीब वस्तीच्या छातीवरून, एका प्राथमिक शाळेला चिकटून गेला. तो पाडून महामार्ग जमिनीखाली उतरवायला २०१८ ते २०२२ अशी वर्षं आणि शंभर कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम लागली. वर छप्पर घालून शाळेशेजारी चार एकरांचं उद्यान केलं. हा शहाणपणा साठ वर्षं उशिरा सुचला.

पूर्वेच्या मैदानात मैलोगणती गव्हाची शेतं. बर्लिंग्टन गावात १९०५ सालचा, ४६ लाकडी प्राण्यांचा गोल फिरणारा झोपाळा आहे, तो पाहायला थांबावं. त्याच्या अलीकडे, स्ट्रॅटनजवळ, ४२० क्रमांकाचा मैलाचा खांब होता. ४२० हा अमेरिकेत गांजा ओढणाऱ्यांचा सांकेतिक आकडा (आपल्याकडे वेगळ्या मंडळींचा), त्यामुळे खांब लागला की चोरीला जायचा. शेवटी महामार्ग खात्याने डोकं चालवलं आणि नवा फलक लावला: ४१९.९९.