कुंपणाला काय लावताय?

घराच्या कडेला चार फूट जागा आहे, आई म्हणतेय ‘फुलझाडं लाव’, आणि तुम्ही नर्सरीतून सगळ्यात जास्त फुललेली कुंडी उचलता. थांबा! मीही हेच केलं होतं. जूनमध्ये आणलेला पिटुनिया अंजूरच्या पहिल्याच मोठ्या पावसात कुजला.

भिवंडीच्या गोदामांच्या गर्दीत अंगणं तशीही थोडीच उरलीत. तिथे वर्षानुवर्षं टिकेल असं काही हवं, तर गावातली जुनी घरं बघा. मागे जास्वंद आणि तगर, कारण दोन्ही माणसाएवढी वाढतात. पुढे गुडघ्याएवढी अबोली. जास्वंदीचं फूल जेमतेम एक दिवस टिकतं, पण नव्या फांदीवर कळ्या येतच राहतात. म्हणून पाऊस सरला की कात्री बिनधास्त चालवा. आणि रोप विकत कशाला? पावसाळ्यात शेजारच्या काकूंकडून वीतभर फांदी मागा, रुजते. पुढे गणपतीला लाल फूल घरचंच!

आता कण्हेर. हायवेच्या दुभाजकावर ती असते, कारण कमी पाण्यावर जगते आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. दिसते झकास. पण पानापासून मुळापर्यंत विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारी. घरात रांगतं बाळ किंवा दिसेल ते चघळणारं कुत्र्याचं पिल्लू असेल तर नकोच. घाणेरीचे रंगीत गुच्छही मोहात पाडतात. मूळची अमेरिकेतली ही बया आपल्या डोंगरांवर किती पसरलीये, ते ट्रेकला पाहिलंच असेल.

रोप आणण्याआधी दुपारी बारा वाजता त्या जागेवर जाऊन उभे राहा. ऊन येत नसेल तर जास्वंदीला कळ्या कमीच धरतील. तिथे अबोली लावा.