ईमेल कसा पोहोचतो? आणि मुलांसाठी कोणता ईमेल निवडावा?



गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडून दहावी झालेल्या एका मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. वडील इथे शिर्डीतच एका लॉजवर कामाला. अर्जात एक कागद कमी होता. तो जोडण्यासाठी सात दिवसांची मुदत देणारा ईमेल आला, पण तो मुलीला दिसलाच नाही. महिन्याभराने वडील शाळेत आले, तेव्हा मी विचारलं, "अर्जात ईमेल कोणाचा दिला होता?" ते म्हणाले, "मॅडम, फॉर्म भरणाऱ्या दादांनी त्यांचाच टाकला. आमच्याकडं कुठला ईमेल?"

दादांची चूक म्हणावी, तर त्यांच्या खात्यावर शेकडो मुलांचे ईमेल येतात. वडिलांची म्हणावी, तर त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे शिकवायचं काम आपलं होतं. आता तर २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. म्हणून हा पाठ.

१) आधी टपाल समजून घेऊ

शिर्डीचा पिनकोड ४२३१०९. पहिला आकडा ४ विभाग सांगतो, पुढचे आकडे आणखी जवळ नेतात आणि शेवटचे तीन नेमकं टपाल कार्यालय दाखवतात. टपाल खातं आधी पिनकोड बघतं. माणसाचं नाव बघतो तो शेवटचा, म्हणजे दारात येणारा पोस्टमन.

ईमेलचंही तसंच आहे. पत्त्यात मधोमध ॲटचं चिन्ह असतं. त्याच्या उजवीकडे 'गाव' आणि डावीकडे 'माणूस'. जीमेल डॉट कॉम हे गाव झालं, त्यात आपली एक पेटी. हे चिन्ह पत्त्यात आणलं अमेरिकेतल्या रे टॉमलिन्सन या अभियंत्याने, १९७१ मध्ये. कोणाच्या नावात सहसा येत नाही असं चिन्ह त्यांना हवं होतं.

२) 'पाठवा' दाबल्यावर काय होतं?

- तुमचा ईमेल आधी तुमच्या सेवेच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातो. हे आपलं पोस्ट ऑफिस. पाठवण्याच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात.
- सर्व्हर विचारतो, "या गावाची टपाल घेणारी जागा कुठे आहे?" उत्तर देते डीएनएस नावाची जगभराची नोंदवही.
- पत्ता कळला की आपला सर्व्हर समोरच्या सर्व्हरला ईमेलची प्रत देतो.
- समोरचा सर्व्हर ती त्या माणसाच्या पेटीत ठेवतो. तो उघडेपर्यंत ती तिथेच थांबते. त्याचा फोन बंद असला तरी चालतं.

एक फरक मुलांना जरूर सांगा. पत्र एकच असतं, ते हातातून गेलं की गेलं. ईमेलच्या मात्र प्रती होतात. आपल्याकडे एक राहते, समोर एक जाते. 'डिलीट' केल्याने समोरच्याची प्रत पुसली जात नाही.

३) पेटी उघडायच्या दोन पद्धती

पहिली पीओपी. यात ईमेल सर्व्हरवरून आपल्या संगणकावर उतरवून घेतात आणि बहुतेक वेळा सर्व्हरवरची प्रत काढून टाकतात. पोस्टातून पत्र घरी आणण्यासारखं. तो संगणक बिघडला की पत्रंही गेली.

दुसरी आयमॅप. यात ईमेल सर्व्हरवरच राहतो आणि फोन, घरचा संगणक, शाळेची लॅब, सगळीकडून तीच पेटी दिसते. आज मुलांसाठी आणि शाळेसाठी हीच सोयीची.

४) सेवा वेगळी, प्रोग्रॅम वेगळा

इथे मोठ्यांचाही गोंधळ होतो. जी पेटी देते ती सेवा. ज्यातून आपण पेटी उघडतो तो प्रोग्रॅम किंवा ॲप. एकाच पेटीला दोन-तीन दारं असू शकतात.

पूर्वी ईमेल म्हटलं की स्वतःचा संगणक लागायचा. मग ४ जुलै १९९६ ला हॉटमेल आलं. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांची ही सेवा कुठल्याही संगणकाच्या ब्राउझरमधून उघडायची. त्यामुळे सायबर कॅफेत बसूनही स्वतःचा ईमेल बघता येऊ लागला.

आता तुलना करू:

- जीमेल: १ एप्रिल २००४ ला सुरू. १५ जीबी जागा मोफत, पण तीत फोटो आणि ड्राइव्हही मोजतात. फोनमधल्या फोटोंनी जागा भरली की नवा ईमेल यायचा बंद होतो. जोडपत्र २५ एमबीपर्यंत. दोन वर्षं खातं वापरलंच नाही, तर गूगल ते काढून टाकू शकतं.
- आउटलुक डॉट कॉम: मायक्रोसॉफ्टची सेवा, हॉटमेलचाच पुढचा अवतार. ईमेलसाठी मोफत १५ जीबी. याच नावाचा संगणकावरचा प्रोग्रॅमही आहे, तो वेगळा.
- झोहो मेल: चेन्नईच्या कंपनीची सेवा, जाहिराती नाहीत. शाळेचं स्वतःचं डोमेन असेल तर विचार करण्यासारखी.
- रेडिफमेल: मुंबईत सुरू झालेली. अनेक पालकांचं पहिलं खातं इथेच असेल.
- थंडरबर्ड: हा फक्त प्रोग्रॅम आहे, पत्ता देत नाही. मोफत आहे, तीन-चार खाती एकत्र उघडतो आणि उतरवलेले ईमेल नेट नसतानाही वाचता येतात. शाळेच्या ऑफिसला उपयोगी.

मग मुलांना कोणतं? माझं मत साधं आहे. घरी अँड्रॉइड फोन असेल तर बहुधा त्यात एक जीमेल खातं आधीच असतं, फक्त ते कोणाचं आणि पासवर्ड काय हे घरात कोणालाच माहीत नसतं. आधी ते शोधा. मुलांच्या नावाचं नवं खातं काढताना वय लक्षात ठेवा. गूगलच्या नियमानुसार आपल्याकडे १३ वर्षांखालील मुलाला स्वतःचं खातं स्वतः काढता येत नाही, पालकांच्या देखरेखीखालचं काढावं लागतं. खोटी जन्मतारीख टाकू नका, पुढे खातं अडकतं.

५) वर्गात करून पाहा: टपालाचा खेळ

पाच मुलं लागतात: पाठवणारा, त्याचा सर्व्हर, नोंदवही, समोरचा सर्व्हर आणि घेणारा. चिठ्ठी हातोहात पाठवा. मग तीन चुका मुद्दाम करा.

- गावाचं नाव चुकवा. नोंदवही म्हणेल, "असं गावच नाही." चिठ्ठी परत.
- गाव बरोबर, माणूस चुकवा. समोरचा सर्व्हर म्हणेल, "या नावाची पेटी नाही." चिठ्ठी परत.
- एक अक्षर असं चुकवा की त्या नावाचा दुसराच मुलगा वर्गात असेल. चिठ्ठी पोहोचते, पण भलत्याला. परत काहीच येत नाही!

तिसरी चूक सगळ्यात वाईट, कारण ती कळतच नाही. अर्जावर पत्ता दोनदा का तपासायचा, हे मुलांना इथे पटतं.

६) पाकिटावरचं नाव म्हणजे माणूस नव्हे

पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो. ईमेलमध्येही 'प्रेषक' म्हणून दिसणारं नाव हवं ते टाकता येतं. आपल्या गावात बाहेरगावचे भक्त सतत येतात. "खोली बुक करून देतो, आधी पैसे भरा" असा ईमेल आला, तर नाव बघून विश्वास ठेवायचा नाही. ॲटच्या उजवीकडचं गाव अक्षर अन् अक्षर वाचायचं. शंका आली तर ईमेलमधली लिंक न दाबता स्वतः अधिकृत संकेतस्थळ उघडायचं. पासवर्ड आणि ओटीपी ईमेलवर कोणालाही द्यायचे नाहीत.

पालकांसाठी चार कामं, आजच करा

१. मुलाचा ईमेल पत्ता आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ती वही नीट ठेवा.
२. खात्याला चालू मोबाइल नंबर जोडा. सिम बदललं की तोही बदला. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळू शकतो.
३. अर्ज कोणाकडूनही भरून घ्या, पण ईमेल स्वतःचाच द्या. बाहेरच्या संगणकावर उघडला असेल तर 'साइन आउट' केल्याशिवाय उठू नका.
४. आठवड्यातून एकदा पेटी उघडा, स्पॅमचा कप्पाही बघा.

त्या मुलीचं त्या वर्षीचं अर्जाचं काम गेलं, ते परत आणता आलं नाही. मात्र त्याच दिवशी शाळेच्या लॅबमध्ये तिने स्वतःचं खातं काढलं आणि पहिला ईमेल मला पाठवला. आता दर शनिवारी ती धाकट्या भावालाही पेटी उघडून दाखवते. आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाची अशी स्वतःची पेटी दहावीचा अर्ज भरण्याआधीच तयार हवी, एवढं तरी आपण करू या.