धड एक, मेंदू अनेक : जोडभागांच्या अचूक बॉम्बची घडण

विमानातून टाकल्या जाणाऱ्या बॉम्बची ओळख आजही बहुधा त्याच्या वजनावरून करून दिली जाते आणि 250 किलो, 500 किलो किंवा 1000 किलो हे आकडे त्याच्या संहारशक्तीचे माप मानले जातात. मात्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत हवाई युद्धाचे स्वरूप पालटले ते स्फोटकाच्या मात्रेमुळे नव्हे, तर बॉम्बला पुढून आणि मागून जोडल्या जाणाऱ्या भागांमुळे. पोलादी कवच आणि त्यात भरलेले स्फोटक हे बॉम्बचे धड जुनेच ठेवायचे आणि त्याला लक्ष्य शोधणारा भाग, दिशा बदलणारे पर आणि गरजेप्रमाणे पंख किंवा रॉकेट मोटर बसवायची, या पद्धतीला मॉड्यूलर म्हणजे जोडभागांची रचना म्हणतात. या रचनेमुळे एकाच धडापासून शस्त्रांचे एक अख्खे कुटुंब उभे राहते. शस्त्र स्वस्त होते, त्यात सुधारणा करणे सोपे जाते आणि त्याची अचूकता वाढते. मात्र ही अचूकता नेमकी कुठून येते आणि कुठे संपते हे सामान्य नागरिकालाही ठाऊक असायला हवे, कारण अशा शस्त्रांचा वापर त्याच्या नावाने आणि त्याच्या पैशाने होत असतो.

सुटल्यानंतर हाताबाहेर

साधा बॉम्ब विमानापासून अलग झाला की त्याचा मार्ग त्याच क्षणी ठरून जातो. विमानाची उंची, वेग, दिशा आणि वाटेतला वारा यांपैकी एकाचाही अंदाज चुकला तर ती चूक दुरुस्त करण्याचे कोणतेही साधन त्या बॉम्बजवळ नसते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांनी घेतलेल्या छायाचित्रांची तपासणी करून ऑगस्ट 1941 मध्ये सादर झालेल्या बट अहवालाने हे वास्तव उघडे केले. लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद करणाऱ्या विमानांपैकी साधारण एक तृतीयांश विमानेच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती, असा त्याचा निष्कर्ष होता. एक कारखाना पाडण्यासाठी शेकडो विमाने पाठवायची आणि त्यांतील बहुतेक बॉम्ब शेतांवर किंवा वस्त्यांवर पडायचे, ही त्या काळच्या हवाई युद्धाची रीतच होऊन बसली होती.

पडत असलेल्या बॉम्बला वाटेतच वळवण्याचा परिणामकारक प्रयोग जर्मनीने त्याच युद्धात केला. 9 सप्टेंबर 1943 रोजी ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका ‘फ्रिट्झ एक्स’ या बॉम्बने बुडवली गेली. विमानातील सैनिक बॉम्बच्या शेपटीवरील जळत्या दिव्यावर नजर ठेवून रेडिओ संदेशांच्या साहाय्याने त्याची दिशा बदलत असे. तरीही हे एक खास घडवलेले स्वतंत्र शस्त्र होते आणि बॉम्ब लक्ष्यावर पोहोचेपर्यंत विमानाला आसपासच राहावे लागत असल्याने ते शत्रूच्या माऱ्याला सहज सापडत असे.

जुन्या बॉम्बला नवी दृष्टी

खरे वळण 1960 च्या दशकात अमेरिकेत मिळाले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील अभियंता वेल्डन वर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी नवा बॉम्ब घडवण्याऐवजी कोठारांत आधीच पडून असलेल्या बॉम्बना जोडता येईल असा संच तयार केला आणि तो पुढे ‘पेव्हवे’ या नावाने ओळखला गेला. त्याचे तत्त्व समजायला सोपे आहे. विमानातून किंवा जमिनीवरून लक्ष्यावर लेझरचा अदृश्य किरण रोखला जातो, लक्ष्यावर आपटून तो प्रकाश चहूकडे पसरतो आणि बॉम्बच्या नाकाशी बसवलेला शोधक, ज्याला सीकर म्हणतात, तो परावर्तित प्रकाश टिपून तो कोणत्या बाजूने येतो आहे हे ओळखतो. त्यानुसार पर वळतात आणि बॉम्ब त्या ठिपक्याकडे झुकत जातो.

या संचाची कसोटी उत्तर व्हिएतनाममधील सोंग मा नदीवरच्या थान होआ पुलावर लागली. एप्रिल 1965 पासून अमेरिकी विमानांनी या पुलावर शेकडो उड्डाणे केली आणि विमाने व वैमानिक गमावले, तरी पूल उभाच राहिला. 13 मे 1972 रोजी लेझर मार्गदर्शित बॉम्ब घेऊन गेलेल्या फँटम विमानांच्या एका तुकडीने त्याचे पश्चिमेकडील टोक आधारावरून निखळवले आणि पूल वाहतुकीसाठी निकामी झाला. जे काम सात वर्षांत झाले नव्हते ते एका दिवसात झाले, याचे श्रेय मुख्यतः बॉम्बला जोडलेल्या त्या छोट्या संचाचे होते.

लेझरला मात्र ढग, धूर आणि धूळ यांचा अडथळा होतो. 1991 च्या आखाती युद्धात टाकलेल्या एकूण बॉम्बपैकी मार्गदर्शित बॉम्ब दहा टक्क्यांहूनही कमी होते आणि जे होते त्यांनाही खराब हवामान व जळत्या तेलविहिरींचा धूर अनेकदा आडवा आला. या अनुभवातून अमेरिकेने ‘जेडॅम’ हा शेपटीकडे बसवायचा संच विकसित केला. त्यात दोन पद्धती एकत्र काम करतात. पहिली जडत्वाधारित दिशादर्शनाची; तिच्यात सूक्ष्म जायरोस्कोप आणि वेगातील बदल मोजणारी उपकरणे बॉम्ब कुठून निघाला, किती वळला आणि किती पुढे गेला याचा हिशेब स्वतःच ठेवतात. हा हिशेब हळूहळू चुकत जातो, म्हणून दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे जीपीएस उपग्रहांच्या संकेतांनी, तो सतत दुरुस्त केला जातो. लक्ष्याचे अक्षांश, रेखांश आणि उंची आधी भरून ठेवली की ढगांच्या वरूनही बॉम्ब सोडता येतो आणि तो सुटताच विमान माघारी वळू शकते.

या संचासाठी ठेवलेली अपेक्षा 13 मीटर अचूकतेची होती. या आकड्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. लक्ष्याभोवती ज्या वर्तुळात निम्मे बॉम्ब पडतात त्या वर्तुळाच्या त्रिज्येला अचूकतेचे माप मानले जाते. याचाच अर्थ उरलेले निम्मे बॉम्ब त्या वर्तुळाबाहेर पडणे हे त्या मापातच गृहीत असते. ‘अचूक’ या विशेषणामागे असा संभाव्यतेचा हिशेब असतो, शंभर टक्के खात्रीचे आश्वासन नसते.

कुटुंबाची रचना

जोडभागांच्या शस्त्रकुटुंबाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणून फ्रान्सच्या ‘हॅमर’ या शस्त्राकडे पाहता येते. सॅजेम या कंपनीने, म्हणजे आजच्या सॅफ्रान इलेक्ट्रॉनिक्स अँड डिफेन्सने, ते विकसित केले आणि 2008 मध्ये अफगाणिस्तानात फ्रेंच राफेल विमानांनी त्याचा युद्धात प्रथम वापर केला. यात बॉम्बच्या नाकाशी मार्गदर्शनाचा भाग आणि शेपटीशी पल्ला वाढवणारा भाग बसतो. मार्गदर्शनाच्या भागाचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला केवळ जडत्व आणि उपग्रह यांवर चालतो, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला उष्णतेची प्रतिमा पाहणारा इन्फ्रारेड शोधक असतो आणि तिसऱ्यात लेझर शोधक असतो. स्थिर इमारतीसाठी पहिला पुरेसा ठरतो, स्थाननिश्चितीतील लहान चूक शेवटच्या टप्प्यात सुधारायची असेल तर दुसरा उपयोगी पडतो आणि हलत्या वाहनासाठी तिसरा लागतो. 125 ते 1000 किलोपर्यंतची वेगवेगळी धडे या भागांना जोडता येतात. शेपटीकडील रॉकेट मोटरमुळे उंचावरून सोडल्यास 60 किलोमीटरहून अधिक पल्ला मिळतो आणि डोंगराआडून कमी उंचीवर उडणाऱ्या विमानालाही ते सोडता येते.

अशा रचनेचे लाभ तीन पातळ्यांवर दिसतात. पहिला खर्चाचा आहे. जेडॅमचा संच सुरुवातीच्या काळात सुमारे 20 हजार डॉलरला पडत असे, तर दूरवर जाणाऱ्या एका क्रूझ क्षेपणास्त्राची किंमत दहा लाख डॉलरहून अधिक असते. दुसरा लाभ साठवणुकीचा आहे. धड वर्षानुवर्षे कोठारात राहू शकते आणि इलेक्ट्रॉनिक्स जुने झाले की फक्त तेवढाच भाग बदलता येतो. तिसरा लाभ निवडीचा आहे. कामगिरी ठरल्यावर लक्ष्याच्या स्वरूपाप्रमाणे धड आणि शोधक यांची जोडी ठरवता येते आणि त्यामुळे लहान लक्ष्यासाठी मोठा स्फोट करण्याची गरज उरत नाही.

यात एक दुबळी बाजूही आहे. उपग्रहाचे संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेले असतात आणि त्याच लहरींवर मोठा गोंगाट निर्माण केला की ते दडपले जातात, ज्याला जॅमिंग म्हणतात. युक्रेनच्या युद्धात या उपायाचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला आणि उपग्रहांवर विसंबणाऱ्या शस्त्रांची अचूकता त्यामुळे घटली. त्याच युद्धात रशियाने सोव्हिएत काळातील आपल्या बॉम्बना पंख आणि दिशादर्शनाचे संच जोडून ते फार मोठ्या संख्येने वापरले, तेव्हा ही पद्धत किती सहज आणि किती भयावह प्रमाणात विस्तारता येते हेही जगाला दिसले. जॅमिंगवरचा एक उपाय इस्रायलच्या राफाएल कंपनीच्या ‘स्पाइस’ या शस्त्रात आढळतो. त्यात लक्ष्य परिसराची छायाचित्रे आधीच साठवलेली असतात आणि शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याला दिसणारे दृश्य त्यांच्याशी ताडून बॉम्ब आपली दिशा सुधारतो, त्यामुळे त्या टप्प्यात उपग्रहाची गरज उरत नाही. 26 फेब्रुवारी 2019 रोजी बालाकोटवर झालेल्या हल्ल्यात भारतीय हवाई दलाच्या मिराज 2000 विमानांनी हेच शस्त्र वापरले होते.

भारताचा प्रवास

भारताला या तंत्राची निकड सर्वांत तीव्रतेने जाणवली ती 1999 च्या कारगिल युद्धात. पाच हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर हवा विरळ असल्याने बॉम्बच्या मार्गाची नेहमीची गणिते चुकत होती आणि अरुंद कड्यांवरच्या ठाण्यांवर नेमका मारा करणे कठीण जात होते. मिराज 2000 विमानांवर इस्रायली लक्ष्यवेधी उपकरण आणि पेव्हवे संच घाईने बसवले गेले आणि 24 जून 1999 रोजी टायगर हिलवर लेझर मार्गदर्शित बॉम्बचा मारा झाला. त्याआधी 17 जूनला मुंथो ढालो येथील शत्रूच्या रसदतळावर याच विमानांनी साधे बॉम्ब टाकून मोठी हानी केली होती, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. वैमानिकाचे कौशल्य आणि विमानातील संगणक यांनी मिळणारी अचूकता आणि बॉम्बमध्येच असलेली अचूकता या एकमेकींना पूरक बाबी आहेत, हे त्या दोन हल्ल्यांतून स्पष्ट होते.

कारगिलमध्ये वापरलेली विमाने, लक्ष्यवेधी उपकरण आणि संच हे सर्व परदेशी होते. संघर्षाच्या काळात पुरवठादार देशाने हात आखडता घेतला तर धडांनी भरलेली कोठारेही अपुरी पडतात, या जाणिवेतून संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने म्हणजे डीआरडीओने स्वदेशी संचांवरचे काम वाढवले. धावपट्ट्यांसारख्या लक्ष्यांसाठी बनवलेले 125 किलो वजनाच्या वर्गातील शस्त्र, जे ‘सॉ’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते, सुमारे 100 किलोमीटर अंतर कापण्यासाठी रचलेले आहे. 2021 मध्ये त्याच्या उपग्रहाधारित आणि प्रतिमाधारित अशा दोन्ही रूपांच्या चाचण्या झाल्या, म्हणजेच एका धडाला दोन मेंदू देण्याचे तत्त्व इथे प्रत्यक्षात उतरले.

या वाटचालीत महाराष्ट्राचाही थेट वाटा आहे. पुण्याच्या पाषाण भागातील आयुध संशोधन आणि विकास आस्थापनेने हैदराबादच्या इमारत संशोधन केंद्राबरोबर आणि चांदीपूरच्या चाचणी केंद्राबरोबर ‘गौरव’ हा 1000 किलो वर्गातील तरंगत जाणारा बॉम्ब विकसित केला. तरंगत जाणारा म्हणजे इंजिन नसतानाही पंखांच्या आधाराने उंचीचे अंतरात रूपांतर करणारा. 8 ते 10 एप्रिल 2025 या काळात सुखोई 30 विमानातून झालेल्या चाचण्यांत तो वेगवेगळ्या वॉरहेडसह, म्हणजे स्फोटक भागाच्या निरनिराळ्या रचनांसह, सोडण्यात आला आणि जवळपास 100 किलोमीटरचा पल्ला सिद्ध झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने सॅफ्रानबरोबर हॅमरचे उत्पादन भारतात करण्यासाठी संयुक्त कंपनीचा करार केला. स्वदेशी विकास आणि परवान्याने उत्पादन अशा दोन्ही वाटांनी देश पुढे जात असला तरी शोधकाचे संवेदक, जायरोस्कोप आणि त्यांच्यातील सॉफ्टवेअर यांवर पूर्ण ताबा मिळवणे हेच खरे ध्येय राहिले पाहिजे.

अचूकतेची सीमा

बॉम्ब ठरलेल्या जागी पडला म्हणजे तो योग्य जागी पडला असे होत नाही. 13 फेब्रुवारी 1991 रोजी बगदादमधील अमिरिया येथील आश्रयस्थानावर दोन लेझर मार्गदर्शित बॉम्ब अगदी नेमके पडले. ते लष्करी नियंत्रण केंद्र असल्याची अमेरिकेची समजूत होती, प्रत्यक्षात तिथे आसरा घेतलेले चारशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. 7 मे 1999 रोजी बेलग्रेडमधील चिनी दूतावासावर जेडॅम जोडलेले बॉम्ब पडले आणि तीन चिनी पत्रकारांचा बळी गेला. अमेरिकेने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार एका सरकारी कार्यालयाची जागा निश्चित करताना ही चूक झाली होती; चीनने ते स्पष्टीकरण मान्य केले नाही, परंतु बॉम्ब दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरच पोहोचले होते याविषयी वाद नाही. दोन्ही ठिकाणी यंत्राने आपले काम चोख केले आणि चूक त्याला सांगण्यात आलेल्या माहितीत होती.

म्हणूनच शस्त्राची अचूकता जितकी वाढते तितकी ते वापरणाऱ्यांची जबाबदारी हलकी होत नाही, उलट ती अधिक जड होते. युद्धाच्या कायद्यातील लढणारे आणि नागरिक यांत भेद करण्याचे तत्त्व सर्वच देशांना बांधून ठेवते आणि जवळ अचूक साधन असताना अंदाधुंद मारा करणाऱ्याला आपल्या हाती दुसरा मार्ग नव्हता असे म्हणण्याची सोयही उरत नाही. लक्ष्याची माहिती कोण गोळा करतो, ती किती जुनी आहे, तिची तपासणी दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे केली आहे का आणि हल्ल्यानंतर परिणामांची प्रामाणिक नोंद होते का, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही जोडभागात बसवता येत नाहीत. भारत आता धडाबरोबर मेंदूही स्वतः घडवू लागला आहे आणि तो अभिमानाचा विषय आहे. त्या अभिमानाला शोभेल अशी लक्ष्यनिश्चितीची शिस्त आणि तिच्यावर लोकनियुक्त शासनाची देखरेख घडवणे हे शोधक किंवा पंख बनवण्याइतकेच कठीण आणि तितकेच आवश्यक राष्ट्रीय काम आहे.