तपासणी कुठे, किती पैशांत?

एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत, म्हणजेच एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत, मोफत होते. इतर लैंगिक संसर्गांसाठी जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं; तिथे सल्ला आणि औषधं मोफत मिळतात. ‘गुप्तरोग’ या शब्दानेच कित्येक जण दारातून परत फिरतात. खरं तर सिफिलिस आणि परमा योग्य औषधांनी पूर्ण बरे होतात.

त्रास नाही म्हणून आजार नाही, असं समजू नका. क्लॅमिडिया बायकांमध्ये बहुतेकदा काहीच लक्षण दाखवत नाही, आणि उपचार न झाल्यास वंध्यत्व येऊ शकतं. एचआयव्हीची लागण साध्या चाचणीत दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यामुळे लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी ती पुन्हा करावी लागते.

बोभाटा होईल ही भीती सर्वांत मोठी. एचआयव्हीबाबत 2017चा कायदा रुग्णाच्या बाजूने आहे: मोजके अपवाद सोडता, संमतीशिवाय चाचणी नाही आणि संमतीशिवाय कुणाला निकालही सांगता येत नाही.

जवळचं केंद्र विचारायला 1097 हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा टोल-फ्री क्रमांक फिरवा.