जुन्या मोटरसायकलची कॉइल घेताना

मोटरसायकल म्हटली की तो पुरुषांचा प्रांत, असं समजून आपण बाजूला होतो. पण मैत्रिणींनो, गाडीवर मागे बसून, हातात पिशव्या सांभाळत आरे-वारेचा चढ चढायचा असतो तो आपल्यालाच! तिन्हीसांजेला, पावसात, तिथे गाडी बंद पडली तर काय होतं ते सांगायला नको. शिवाय दुरुस्तीचे पैसे जातात ते महिन्याच्या घरखर्चातूनच. तेव्हा गाडीतल्या एका लहानशा वस्तूची ओळख करून घेऊ या. ती म्हणजे इग्निशन कॉइल.

सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली येझदी किंवा बुलेट अजून रत्नागिरीतल्या एखाद्या घराच्या पडवीत उभी दिसते. विकायला कुणाचं मन होत नाही. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. 2022 पासून त्याच नावाच्या नव्या गाड्या निघाल्या आहेत, पण त्यांचं इंजिनच निराळं. त्यांचे भाग जुनीला चालत नाहीत. मग दुकानात मिळते ती ‘बसेल ती’ कॉइल, आणि घोटाळा होतो तो इथेच.

कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेल्या दोन तारा. एक जाडसर, थोड्या वेढ्यांची. दुसरी केसासारखी बारीक, हजारो वेढ्यांची. बॅटरीचा प्रवाह जाड तारेतून वाहत असतो. इंजिनातला पॉइंट उघडला की तो एकदम तुटतो आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उसळतो. तीच प्लगवरची ठिणगी. भरधाव वाहणारी नळाची तोटी झटकन बंद केली की पाइपात कसा धाडकन आवाज होतो, तसंच काहीसं.

कॉइल बिघडली की गाडी सकाळी एका किकमध्ये चालू होते, पावसच्या रस्त्याला आठ-दहा किलोमीटर गेली की भुकभुक करते आणि मग बंद. वीस मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू! तापल्यावर आतली तार दगा देते, निवल्यावर सावरते. पण थांबा, लगेच पाकीट उघडू नका. कंडेन्सर खराब झाला तरी लक्षणं अगदी हीच, आणि तो कॉइलपेक्षा पुष्कळ स्वस्त. तेव्हा आधी प्लग, प्लगची टोपी, पॉइंट आणि कंडेन्सर बघायला सांगा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तारांच्या टोकांवर हिरवट गंज चढतो, नि पावसाळ्यात टोपीत पाणी शिरतं. नुसतं पुसून, घासून काम भागलं तर उत्तमच.

कॉइलच घ्यायची ठरली तर पहिला प्रश्न व्होल्टचा. जुन्या येझदी सहा व्होल्टच्या, पण पुढे काही मालकांनी त्या बारा करून घेतल्या. म्हणून जुन्या पुस्तकावर विसंबू नका, बॅटरी बघा. पाणी घालायची तीन झाकणं असली तर सहा व्होल्ट, सहा असली तर बारा; कारण प्रत्येक घरातून दोन व्होल्ट मिळतात. बंद बॅटरी असेल तर तिच्यावरचा आकडा वाचावा.

दुसरा प्रश्न पॉइंटचा. आपली गाडी पॉइंटची असेल तर कॉइलही पॉइंटचीच हवी. अलीकडच्या बऱ्याच लहान गाड्यांची कॉइल सी.डी.आय. पद्धतीची असते. ती दिसायला सुबक, स्वस्त, बोल्टही नीट बसतात. म्हणून एखादा मेकॅनिक तीच लावून देतो. इथे शाळेतला ओहमचा नियम आठवा. बारा व्होल्टच्या पॉइंटच्या कॉइलमधल्या जाड तारेचा रोध साधारण तीन ते पाच ओहम. चार धरला तर प्रवाह झाला तीन अँपिअर. सी.डी.आय.च्या कॉइलचा रोध बहुधा एक ओहमपेक्षाही कमी. अर्धा धरला तर बारा भागिले अर्धा, म्हणजे चोवीस! पॉइंट जळणार नाहीत तर काय? सहा व्होल्टची कॉइल बारावर लावली तरी ती तापून जाते. उलट केलं तर ठिणगी मरतुकडी पडते.

हा रोध मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. दुकानदाराला काउंटरवरच मोजून दाखवायला सांगा, संकोच कसला? साडीचा पन्ना आपण मोजून घेतोच की. जुनी कॉइल मात्र गाडी बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच मोजावी. गार झाल्यावर ती बरेचदा निर्दोष निघते. मोजताना तिच्या तारा सोडवलेल्या हव्यात, आणि सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ठिणगी बघण्यासाठी वायर हातात धरू नये, नि जवळ पेट्रोल सांडलेलं नसावं, हे वेगळं सांगायला नकोच.

बोल्टची भोकं जुळतात का, हे सगळ्यात शेवटी. जुळली नाहीत तर पट्टी करून घेता येते.

आणि हो, किल्ली! पॉइंटच्या गाडीत इंजिन बंद आणि किल्ली मात्र चालू राहिली, की बरेचदा पॉइंट मिटलेला असतो. प्रवाह वाहतच राहतो, कॉइल तापते, बॅटरीही उतरते. पडवीतल्या गाडीवर बसून मुलं किल्ली फिरवत ‘ढुर्रर्र’ करतात ना, तेव्हा नेमकं हेच होतं. किल्ली गाडीला ठेवू नका, खिळ्याला अडकवा, मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंच.